केव्हापासून?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय मोटारसायकलचा आहे, तेव्हा ज्यांना कंटाळा येईल त्यांनी मधले दोन परिच्छेद गाळले तरी चालेल. पण आमच्या घरच्या मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचा. हे मुख्यतः तुमच्यासाठीच आहे.

तर २०२३ च्या डिसेंबरात मी आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांची जुनी गाडी घेतली. १५० सीसी, एका सिलिंडरची, २०१३ सालची, कार्ब्युरेटरवाली. सरांचे गुडघे साथ देईनात म्हणून त्यांनी ती काढली. किंमत त्यांनी सांगितली ती मी दिली, सरांशी घासाघीस कोण करणार? गाडीबरोबर त्यांनी एक शंभर पानी वहीही दिली. कुठल्या तारखेला ऑइल बदललं, चेन कधी ताणली, पेट्रोल किती भरलं, सगळं सुवाच्य अक्षरात. मी ती कपाटात ठेवून दिली.

पुढच्या भाद्रपदापर्यंत गाडी थरथरायला लागली होती. थरथर म्हणजे साधीसुधी नाही. साठच्या पुढे गेलं की हँडलमधून तळहाताला मुंग्या, पायाखालचे फुटरेस्ट झिणझिणतात आणि आरशात मागचा ट्रक एकाच्या जागी दोन दिसतात. हातखंब्यापर्यंत जाऊन आलो की चहाचा कप धरताना बोटं बधिर.

एका सिलिंडरची गाडी थोडी थरथरणारच, हे कबूल. आतला पिस्टन दर फेऱ्याला दोनदा थांबतो आणि उलटा फिरतो. मिनिटाला पाच हजार फेरे धरले तर दहा हजार वेळा थांबणं झालं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १६६ वेळा! या धक्क्याला उतारा म्हणून क्रँकवर उलट बाजूला वजन ठेवतात. पण पिस्टन वरखाली जातो आणि हे वजन गोल फिरतं. पिस्टनचा सगळा धक्का मारण्याइतकं वजन ठेवलं, तर वरखाली हलायचं थांबून इंजिन पुढेमागे हलायला लागेल. म्हणून साधारण निम्म्यावर तडजोड करतात. उरलेली थरथर चेसी, रबर आणि बोल्ट मिळून सोसतात. काही गाड्यांत उलट फिरणारा वेगळा बॅलन्सर शाफ्ट असतो. रॉयल एनफिल्डने २०२० साली आणलेल्या ३५० च्या नव्या इंजिनात तो आहे. जुन्या ३४६ सीसी बुलेटला तो नव्हता, आणि तिच्या धडधडीवर तर लोक जीव टाकतात. माझ्या गाडीलाही नाही. पण बुलेटची धडधड आणि माझ्या गाडीची ही थरथर यांत फरक होता. एक स्वभाव, दुसरा आजार.

मी मारुती मंदिराजवळच्या एका मेकॅनिकला दाखवली. त्याने दोनदा रेस केली आणि निकाल दिला, "क्रँक गेलाय. इंजिन खोलायला लागेल. दहा-बारा हजार धरून चला."

आणि इथे माझं डोकं फिरलं. गाडी घेऊन वर्षही झालं नव्हतं! गणपतीत सगळे जमलो होतो तेव्हा आरतीनंतर ओटीवर बसून मी बोललो. काय बोललो ते तुम्हाला आठवत असेलच. "सरांनी माल गळ्यात मारला. पहिल्या दिवसापासून थरथरत होती. पण मास्तर माणूस, तोंडावर कसं बोलणार?" काका म्हणाले, "असं करणारे नाहीत रे ते." मी म्हटलं, "पैशाला सगळे सारखेच."

रत्नागिरी केवढी ती! आठवड्याभरात सरांचा फोन. आवाज नेहमीसारखाच शांत. "अरे, गाडी त्रास देते म्हणे. आणून लाव इथे. पैसे काढून ठेवलेत." मी बघतो, कळवतो असं काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. खरं सांगतो, तेव्हाही मला लाज वाटली नाही. वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

गाडी परत करायच्या आधी आणखी एकाला दाखवावी म्हणून भाट्याच्या पुलापलीकडच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. आधी विचारलं,

"केव्हापासून?"

"पहिल्यापासूनच."

"पहिल्यापासून म्हणजे? तारीख सांगा."

मी जरा चिडूनच म्हटलं, "डिसेंबरात घेतली तेव्हापासून." ते काही बोलले नाहीत. स्वतः गाडीवर बसले, मला मागे बसवलं आणि पावसच्या रस्त्याला लागले.

पुढचा अर्धा तास मला फार आवडला. साठच्या पुढे थरथर सुरू झाली तशी त्यांनी क्लच दाबून ॲक्सिलरेटर सोडला. गाडी त्याच वेगात पुढे, इंजिन मात्र शांत. थरथर गायब. "चाकं नव्हेत, टायर नव्हे," ते मागे वळून ओरडले. "चाकाचं दुखणं क्लच दाबून जात नाही." मग तिसरा गिअर टाकला. आता पंचेचाळीसलाच तीच थरथर. म्हणजे ती गाडीच्या वेगाबरोबर येत नव्हती, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर येत होती. परत आल्यावर न्यूट्रलमध्ये तेवढीच रेस दिली. थरथर होती, पण कमी. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून त्यांनी डॉक्टरसारखं ऐकलं. "ठोका नाही. क्रँकचं बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉड गेला असता तर आवाज आला असता." प्लग काढून बघितला, बिस्किटाच्या रंगाचा, छान. चेनचा ढील ठीक. मागच्या हबचे रबर ठीक. इंजिन गार झाल्यावर टॅपेटही तपासले.

मग पाना घेऊन ते इंजिन चेसीला धरून ठेवणाऱ्या फाउंडेशन बोल्टांकडे वळले. पहिलाच बोल्ट पाऊण फेरा सहज फिरला. दुसरा अर्धा.

"चेसी कधी रंगवलीत?" त्यांनी विचारलं.

मे महिन्यात! खाऱ्या हवेने चेसी गंजायला लागली होती म्हणून पावसाळ्याआधी इंजिन उतरवून पावडर कोटिंग करून घेतलं होतं. आणि करणाऱ्याला मीच बजावलं होतं, कुठेही जागा सोडू नका, खाऱ्या हवेला टीचभर जागा पुरते. त्याने सोडली नाही. इंजिन जिथे चेसीला टेकतं तिथेही जाड रंग बसला. बोल्ट आवळले ते त्या रंगावर. गाडी तापली, हादरली, रंग चेपत गेला आणि त्या चेपण्याइतकी बोल्टांची पकड सुटली. "दोनशे किलोमीटर झाले की परत आवळायला आणा," असंही त्याने सांगितलं होतं. मी गेलो नाही. पाऊस होता, कंटाळा केला.

मेस्त्रींनी इंजिन टेकूवर घेऊन टेकायच्या जागांवरचा रंग पॉलिश पेपरने धातूपर्यंत खरवडला. गंज धरू नये म्हणून ग्रीसचं बोट फिरवलं, बोल्ट आधी सगळे हाताने बसवले आणि मग टॉर्क रेंचने आवळले. येताना सत्तरला आरशात मागची बस एकच दिसली. मजुरी किती घेतली ते सांगत नाही, सांगितली तर त्यांच्याकडे रांग लागेल.

घरी येऊन बायकोला म्हटलं, "पण थरथर तर पहिल्यापासून होती ना गं?" ती भाजी निवडत होती. "छे! जानेवारीत गणपतीपुळ्याला गेलो नव्हतो का? आरे-वारेच्या रस्त्याला आरशात तुझे डोळे स्पष्ट दिसत होते मला. गाणं म्हणत होतास."

मग मी कपाटातून ती वही काढली. दहा-अकरा पावसाळ्यांच्या नोंदी असतील तीत. २०१९ च्या एका नोंदीत लिहिलंय, 'फाउंडेशन बोल्ट तपासले, घट्ट.' एवढी ओळ मी डिसेंबरात वाचली असती तर...

मला सगळ्यात टोचतं ते वेगळंच आहे. मी खोटं बोलत नव्हतो. 'पहिल्यापासून' असं मला खरंच वाटत होतं. सरांवर राग आला, आणि त्या रागाला शोभेल अशी तारीख माझ्या मनाने मागे सरकवून दिली. मेस्त्रींनी विचारलं म्हणून, नाहीतर मी ती जन्मभर तशीच सांगत राहिलो असतो. गाडी काय, माणूस काय, दुखणं सांगताना आपण कारण आधी ठरवतो आणि मग तारीख.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. टेबलावर पैशाचं पाकीट खरंच ठेवलेलं होतं. मी सगळं सांगितलं, ओटीवर काय बोललो तेही. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझी सवय गेली नाही रे. शाळेतही उत्तर आधी लिहायचास आणि पायऱ्या नंतर जुळवायचास." हसले नाहीत. मग आत बघून म्हणाले, "चहा टाका हो, हा बसणार आहे." एवढंच.

तेव्हा काका, ताई आणि त्या दिवशी ओटीवर असलेल्या सगळ्यांनो, सरांनी मला काहीही गळ्यात मारलेलं नाही. गाडी उत्तम दिली होती, बिघडवली मी. जे तुम्ही माझ्याकडून ऐकून पुढे कुणाला सांगितलं असेल, त्यांनाही कृपया हे सांगा. बोललेलं पसरतं तेवढं परत घेतलेलं पसरत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

वहीत आता माझ्या अक्षरातली पहिली नोंद आहे. तारीख घातली आहे.