टेकडीवरचा नळ आणि कागदावरचा आकडा

माझी भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकते. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला एका सरकारी कार्यालयात सहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. पाण्याविषयीचे धोरण ठरविण्यासाठी माहिती गोळा करायची, हे काम. पगार नाही. ताई म्हणाली, "त्यापेक्षा शिकवण्या घेतल्या असत्या तर दोन पैसे आले असते." ताईचेही खोटे नव्हते. शेवटी भाची मला म्हणाली, "मामा, एक दिवस माझ्याबरोबर चला. मी काय करते ते पाहा आणि मग आईला सांगा." म्हणून मी रजा टाकली.

सकाळी घाटकोपरहून धीम्या लोकलने मुलुंड गाठले. एका सोसायटीच्या नळाचे पाणी तिने थोडा वेळ वाहू दिले, काचेच्या नळीत घेतले आणि औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळसर झाले. "पिवळे झाले म्हणजे क्लोरिन आहे, मामा. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी हवे, नाहीतर वाटेत शिरलेले जंतू मरत नाहीत." वहीत वेळ, पत्ता आणि आकडा लिहून आम्ही पुढच्या इमारतीकडे निघालो.

दुपारी परतताना भांडुप आले. तिने डोंगराच्या बाजूला बोट दाखविले. मुंबईला सात तलावांचे पाणी येते. त्यांपैकी विहार आणि तुळशी हे दोन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत; विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. बाकीचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा लांबच्या धरणांतून येते. त्यातले पुष्कळसे भांडुपच्या केंद्रात शुद्ध होते. पन्नास वर्षे मी या गाडीने जातो-येतो, पण आपले पाणी इथून येते हे मला भाचीने सांगितले!

संध्याकाळी घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीवर चढलो. पाण्याची वेळ होती. पायऱ्या-पायऱ्यांवर निळे पिंप, हंडे आणि रबरी पाइप. ती यादीप्रमाणे नमुने घेत गेली. सगळ्यात वरच्या गल्लीपाशी यादी संपली. त्या गल्लीत अधिकृत नळच नव्हता. बायका खालून पाणी आणीत होत्या. नळ नाही म्हणून नमुना नाही, आणि नमुना नाही म्हणून कागदावर ती माणसेही नाहीत. भाचीने गल्लीतल्या एका हंड्यातले पाणी तपासले. ते पिवळे झाले नाही. तिने वेगळे टिपण लिहिले. दुसऱ्या दिवशी साहेबांना दिले. त्यांनी ते अहवालाला जोडायला सांगितले. पुढे काय होते ते पाहायचे.

उतरताना तिने मला एक हिशेब सांगितला. झोपडपट्टीतल्या माणसाला दिवसाला ४५ लिटर आणि इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर, असा पालिकेचा निकष वर्षानुवर्षे होता. पंधरा लिटरचा हंडा धरला तर एकाला तीन हंडे, दुसऱ्याला नऊ! हा आकडा आभाळातून पडला नाही. कोणीतरी टेबलाशी बसून लिहिला. २००० सालानंतरच्या वस्त्यांना तर नळजोडणीच नाकारली जाई. पाणी हक्क समितीने दाद मागितली आणि १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मे २०२२ मध्ये पालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणले.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या पोराबाळांना पाठ आहे. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनीच दामोदर खोऱ्याच्या योजनेचा आणि देशाच्या जलधोरणाचा पाया घातला, हे आपण क्वचितच सांगतो. तळ्यावर जाण्याइतकेच टेबलाशी बसणेही महत्त्वाचे, हे त्यांनी करून दाखविले.

म्हणून पालकांना विनंती आहे. मुलगा-मुलगी विज्ञान शिकत असेल तर डॉक्टर, इंजिनीअर एवढ्यावरच थांबू नका. सुट्टीच्या आधी दोन-तीन महिने कॉलेजात चौकशी करा, प्राचार्यांचे पत्र घ्या, अर्ज करा. नीती आयोगासारख्या संस्थाही विद्यार्थ्यांना घेतात. गाडीभाडे आपल्याला जड जाते, हे खरे. पण जिथे आकडे लिहिले जातात, तिथे वरच्या गल्लीची आठवण ठेवणारे एक तरी माणूस हवे.

घरी आलो तेव्हा ताई पाणीच भरीत होती. मी सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. रात्री मात्र शेजारणीला सांगताना ऐकले, "आमची पोरगी पाणी तपासते. सरकारच्या कागदावर लिहिते."