झोतातला तारा

वाङ्मयेतिहास शिकवताना 'परंपरेचा प्रवाह' हे रूपक मी इतक्या वेळा वापरले आहे की, ते रूपक आहे याचेच मला विस्मरण झाले होते. प्रवाहाविरुद्ध उभा राहणारा प्रतिभावंत स्वतःच्या तेजाने उजळतो, हे वाक्य त्यापाठोपाठ ठरलेले. 'नरतुरंग अ' या दीर्घिकेविषयी वाचले तेव्हा त्याला खगोलशास्त्राचाही आधार मिळाला, असे वाटून मी सुखावलो.

१८२६ साली जेम्स डनलॉप यांनी ऑस्ट्रेलियातून शोधलेली ही दीर्घिका सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या केंद्रातील कृष्णविवराच्या परिसरातून निघालेला कणांचा झोत हजारो प्रकाशवर्षे पसरला आहे. क्ष-किरणांत त्यात तेजस्वी गाठी दिसतात. काही झोताबरोबर वाहतात, काही जागच्या हलत नाहीत. या स्थिर गाठींचे एक स्पष्टीकरण असे की, तेथे झोताच्या वाटेत एखादा तारा आला आहे. ताऱ्यापासून सतत बाहेर पडणारा वायू झोताला अडवतो, आघाततरंग उठतो आणि त्यात इलेक्ट्रॉनांना प्रचंड ऊर्जा मिळते. क्ष-किरण देणारे इलेक्ट्रॉन काही दशकांतच ही ऊर्जा गमावतात. म्हणजे केंद्रापासून इतक्या दूर ते वाटेतच ऊर्जा मिळवत असले पाहिजेत. २०२० साली नामिबियातील हेस दुर्बिणींच्या निरीक्षणांतून या झोताच्या लांबीवर पसरलेले अतिऊर्जावान गॅमा किरण आढळले आणि या तर्काला बळ मिळाले.

मर्ढेकर शिकवताना हे सारे मी वर्गात उत्साहाने सांगितले. विज्ञान शाखेतून मराठीकडे आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, पण यात उजळतो तो तारा नव्हे. ऊर्जा झोताचीच आहे. तारा फक्त अडवतो."

मी निरुत्तर झालो. यंत्रयुगाची कविता लिहिताना मर्ढेकरांनी ओवी-अभंगाची बांधणी स्वीकारली, हे मी दरवर्षी तळटीपेसारखे सांगून पुढे जात असे. बंडखोरी सिद्ध करण्याच्या घाईत मुख्य गोष्टच मी समासात ढकलली होती.

एखादी दीर्घिका मर्ढेकरांविषयी काही सिद्ध करीत नाही, हे मला कळते. झोत नसता तर ती गाठ उजळली नसती आणि तारा नसता तर नेमकी तेथे उजळली नसती, एवढेच ती सांगते. परंतु यंदा मर्ढेकरांच्या पहिल्या तासाला मी आधी तुकोबांची गाथा उघडणार आहे.