नांदूरच्या पाण्यावर उजाडेपर्यंत

निफाडच्या थंडीच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचतो. पण नांदूर मधमेश्वरच्या जलाशयाकाठी, चापडगावात पहाटे थांबलात की ती थेट हाडांत शिरते. दूर द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या. समोरचं पाणी दिसत नव्हतं, पण त्यावरची वस्ती ऐकू येत होती. बदकांच्या शिट्ट्या, चक्रवाकांची हाक, मध्येच पंखांची मोठी फडफड. "उजाडल्याशिवाय मनोऱ्यावर जायचं नाही, दादा. पाखरं बुजतात," गावातल्या मार्गदर्शकानं बजावलं. मग चहा आणि गप्पा.

पावसाळ्यात 'नांदूर मधमेश्वरमधून विसर्ग वाढला' हे आपण नेहमी ऐकतो. गंगापूर धरणातून सुटलेलं पाणी नाशकात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला भिजवून इथे येतं आणि पुढे जायकवाडीला जातं. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा बंधारा बांधला, तो पर्जन्यछायेतल्या कोरड्या शिवारांना कालव्यांनी पाणी द्यायला. पाखरांचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. नद्यांनी मात्र वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला. साठवण घटली, पात्र उथळ झालं, बेटं वर आली, त्यांवर पाणवनस्पती माजल्या आणि हजारो मैलांवरून येणाऱ्या थव्यांना हक्काचा उतारा मिळाला. डॉ. सालिम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. 1986 मध्ये अभयारण्य झालं, आणि 2020 च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव जाहीर झालं. मला अप्रूप वाटतं ते त्या गाळाचं. साठा वाढवायला तो सरसकट उपसावा असं कुणी म्हटलं, तर मी विरोधात उभा राहीन.

फटफटलं तसे मनोऱ्यावर चढलो. खाली पाण्यावर वारकरी पक्ष्यांची काळी गर्दी, लव्हाळ्यात जांभळ्या पाणकोंबड्या, चिखलात लाल पायांचे शेकाटे, पलीकडच्या झाडांवर चित्रबलाक. इतक्यात एक दलदली ससाणा लव्हाळ्याला घासून गेला आणि तरंग, थापट्या, चक्रवाक, सगळं पाणीच जणू एकदम उठलं. तो आवाज छातीत जाणवतो. ससाणा रिकाम्या पंजांनी पुढे निघून गेला, बदकं पुन्हा उतरली.

ज्यांच्यासाठी मुद्दाम आलो होतो ते रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, कुठेच नव्हते. मार्गदर्शकानं दुर्बीण फिरवून पुन्हा एकदा पाहिलं.

"खाणगाव थडीकडं पाणी उतरलंय. तिकडं बसले असतील. चला लवकर, ऊन चढायच्या आत."