एकाच वृक्षाचे दोन स्वभाव

सिडनीच्या वायव्येस निळ्या पर्वतांची रांग ओलांडली म्हणजे गहूं आणि मेंढ्या यांवर जगणारा उंचसखल मुलूख लागतो. त्यांत येओव्हल नांवाचें लहानसें खेडें आहे. विस्तीर्ण कुरणांत दूरदूर एकेकटे उभे असलेले वृक्ष, हें तेथील वैशिष्ट्य होय. त्यांतील 'यलो बॉक्स' ही जात आपल्या नीलगिरीच्याच गोत्रांतली. तिच्या 'मेलिओडोरा' या लॅटिन नांवाचा अर्थ मधुगंधी असा आहे.

ऑस्ट्रेलियांत नाताळ ऐन उन्हाळ्यांत येतो, आणि त्या सुमारास भुंगेऱ्यांचे थवे या झाडांवर उतरतात. सन १९९० च्या सुमारास येओव्हलजवळील अशाच एका वृक्षाचीं पानें त्यांनीं फस्त केलीं. एक फांदी मात्र हिरवीगार राहिली. खोड एक, मुळें एक, पाणीही एकच. मग तेवढ्या एकीलाच जीवदान कां मिळावें?

उत्तर पानांतील तेलांत सांपडलें. वांचलेल्या पानांत सिनिओल विपुल होतें, खाल्ल्या गेलेल्यांत अल्प. पडसें झालें असतां आपण ज्या नीलगिरी तेलाचा वास घेतों, त्याचा मुख्य घटक तो हाच. कॅनबेरा येथील अमँडा पाडोव्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन्ही प्रकारच्या पानांचीं जनुकें ताडून पाहिलीं. सन २०१३ मध्यें दहा जनुकांत फरक आढळल्याचें त्यांनीं सांगितलें.

प्रत्येक फांदी आपल्या शेंड्याच्या कोंबांतून वाढते. त्यांतील एखाद्या पेशीचें जनुक बदललें, तर पुढच्या पानांस तो बदल वारशानें मिळूं शकतो. फुलेंही त्याच फांदीवर येतात, म्हणून तो बियांतही उतरूं शकतो. किडीच्या अनेक पिढ्या उलटतात तरी वृक्ष जागींच उभा असतो. त्याला पळतां येत नाहीं. अशा वृक्षास हें वैविध्यच तारक ठरत असावें, असा तर्क व्हिटम व स्लोबोडचिकॉफ यांनीं सन १९८१ मध्येंच मांडला होता. तथापि सन २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत या जातींत असे बदल दर वर्षीं फारच थोडे होतात असें दिसलें. अर्थात् ही ठेव सांचावयास दीर्घ आयुष्यच हवें.

आणि तेंच आतां दुर्मिळ होत आहे. यलो बॉक्सचीं हीं वनें शेतीसाठीं बहुतांशीं तुटलीं. सन २००६ मध्यें तेथील सरकारनें त्यांस अतिसंकटग्रस्त ठरविलें. तोडलेल्या जागीं रोप लावतां येतें. परंतु शेंड्याशेंड्यांत सांठलेला जुना वारसा त्या रोपांत कोठून येणार? बांधावरील जुन्या वृक्षावर कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं एवढा विचार आपणही अवश्य करावा.