भिंतीखालची गाडी

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. परवा मावसभाऊ म्हणाला, "बर्लिनला दीड वर्ष राहिलीस आणि भिंतीवर एक ओळ नाही?" खरंय. पण भिंतीवर लिहिणारे उदंड आहेत. मला सांगायचंय ते भिंतीच्या खालून जाणाऱ्या गाडीबद्दल.

आमच्याकडे शीतयुद्ध आलं ते छापील कागदावर. मॉस्कोत छापलेली, अगदी स्वस्तात मिळणारी मराठी पुस्तकं बाबांच्या कपाटात, आणि गुळगुळीत पानांचं अमेरिकन 'स्पॅन' काकांच्या टेबलावर. दिवाळीला जेवणं झाली की दोघांचं जुंपायचं आणि आई-काकू पान लावत बसायच्या. त्यामुळे दोन महासत्ता म्हणजे जेवल्यावर तावातावाने भांडणारी आणि मग झोपणारी माणसं, अशी काहीशी माझी समजूत. २००६ मध्ये कंपनीने बर्लिनला पाठवलं. वेडिंग भागात जागा मिळाली आणि खालच्या मजल्यावर एक आजी भेटल्या. (आजी आपलं मनातल्या मनात. समोर सगळं 'फ्राऊ' लावून, अहो-जाहो. माझं जर्मन मॅक्समुलर भवनातल्या दोन परीक्षांपुरतं, म्हणून त्या बिचाऱ्या सावकाश बोलायच्या.)

मी ऑफिसला जायची ती यू-८ या भुयारी रेल्वेने. एकदा आजी सोबत होत्या. गाडीने वोल्टाश्ट्रास सोडलं तशा त्या सहज म्हणाल्या, "आता इथून पुढची सहा स्टेशनं गाडी थांबायची नाही. अठ्ठावीस वर्षं."

तर प्रकार असा. बर्लिनची भुयारी रेल्वे शहर एक असतानाची. यू-८ पश्चिम बर्लिनमध्ये सुरू होते, मध्येच पूर्व बर्लिनच्या पोटातून जाते आणि पुन्हा पश्चिमेत निघते. यू-६ चंही तसंच. १३ ऑगस्ट १९६१ ला, रविवारी, पूर्व जर्मनीने हद्द बंद केली. तेव्हा पूर्वेच्या पोटातली यू-८ ची सहाच्या सहा स्टेशनं बंद झाली. जिने बुजवले, वरच्या पाट्या काढल्या. गाड्या मात्र चालूच राहिल्या! शेवटच्या स्टेशनावर घोषणा व्हायची की पश्चिम बर्लिनमधलं हे शेवटचं स्टेशन, मग गाडी अंधाऱ्या फलाटांजवळून हळूहळू, न थांबता जायची. फलाटावर विटांनी बांधून काढलेली चौकी, तिला बारीक फट आणि फटीमागे पहारेकरी. पहारेकरी दोन-दोन, कारण एकट्याचा भरवसा काय! लोक त्यांना भुतांची स्टेशनं म्हणत.

आणि या वापराचे पैसे पश्चिम बर्लिन पूर्वेला देत असे. पश्चिमेच्या मार्कमध्ये. पश्चिमेला ती लाइन सोडवत नव्हती, पूर्वेला ते चलन सोडवत नव्हतं. ऑक्टोबर १९६१ मध्ये चेकपॉइंट चार्लीला अमेरिकन आणि रशियन रणगाडे सोळाएक तास तोंडाला तोंड लावून उभे होते. जग श्वास रोखून बसलं होतं म्हणतात. यू-६ चा बोगदा त्याच रस्त्याखालून जातो. मला हे कळलं तेव्हा बाबा-काकांचे सगळे वाद एकदम पोकळ वाटायला लागले. वर विचारसरणी, खाली भाडेकरार.

गंमत म्हणजे आजींनी एस-बान, म्हणजे वरून जाणारी लोकल, वर्षानुवर्षं वापरली नाही. ती पश्चिमेतसुद्धा पूर्वेची रेल्वे चालवायची, १९८४ पर्यंत. तिकिटाचे पैसे काटेरी तारांना जातात म्हणून कामगार संघटनांनी बहिष्काराची हाक दिली होती. "आणि यू-८ चं भाडं?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मुली, कामावर तर जायचं होतं ना."

त्यांची थोरली बहीण राहायची रोझेनटालर प्लाट्झला. म्हणजे सहापैकी दुसऱ्या स्टेशनाच्या बरोबर वर. आजी रोज सकाळी बहिणीच्या पायाखालून जायच्या आणि संध्याकाळी परत. फोन नाही, कारण शहराच्या दोन भागांतल्या तारा १९५२ लाच तोडलेल्या, त्या जोडल्या १९७१ मध्ये. पत्रं जात. १९६३ च्या नाताळात पहिल्यांदा परवाने मिळाले, तासन् तास रांगेत उभं राहून. त्या भेटीत बहीण म्हणाली, फुटपाथच्या जाळीवर उभी राहिले की तुझी गाडी पायाला कळते. मग दोघींनी वेळ ठरवली. सकाळी अमुक वाजताची गाडी, आजी दुसऱ्या डब्यात, बहीण दूध आणायला जाताना जाळीवर. दिसायचं काहीच नाही. नुसती थरथर.

मला वाटलं गोष्ट इथे संपेल, पण आजी फार सरळ बाई. म्हणाल्या, दोनेक वर्षांत मी पेपर वाचायला लागले. स्टेशन कधी आलं नि गेलं कळायचं नाही. बहिणीने नंतर कबूल केलं की तीही दुसऱ्या गल्लीतून दूध आणायला लागली होती, तिथे रांग कमी असायची.

१९६६ नंतर घरात मरण किंवा तसंच काही असल्याशिवाय परवाने बंद, ते १९७२ पर्यंत. पुढे जाता यायचं, पण १९८० पासून दिवसाला पंचवीस मार्क बदलून घ्यायची सक्ती. पूर्वेकडच्या बायकांना मात्र साठी झाली की पश्चिमेला नातेवाइकांकडे यायची मुभा होती. पेन्शनवाला परत नाही आला तर सरकारचं काय जातं, उलट पेन्शन वाचतं. बहिणीला साठ पूर्ण झाली १९८४ मध्ये. आजी म्हणाल्या, "बाकीच्या बायका वय चोरतात, आम्ही दिवस मोजत होतो." आईला हे फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ गप्प होती. तिची बहीण तिकडे नागपूरला असते.

रोझेनटालर प्लाट्झ उघडलं २२ डिसेंबर १९८९ ला. आजी पहिल्यांदा तिथे उतरल्या आणि कुठल्या जिन्याने वर जायचं ते आठवेना. तिथून घर दोन मिनिटांवर. वर आल्या तर बहीण जाळीपाशी उभी. तिने विचारलं, "दुसऱ्याच डब्यात होतीस ना?"

त्या होत्या चौथ्या डब्यात. पण हो म्हणाल्या.