पालकत्वाचा अर्ज

शिवाजी नगर, भोपाळ

२८ नोव्हेंबर

आई गेल्यावर बाबांची फॅमिली पेन्शन धाकट्या भावाच्या नावावर व्हायची आहे, म्हणून त्याला घेऊन बँकेत गेले. काउंटरवरचे बाबू त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "इनके गार्जियन का कागज लाइए." धाकटा ४१ वर्षांचा. त्यानं फॉर्म ओढून घेतला आणि सही केली. आधी सगळी अक्षरं, मग काने-मात्रे, सर्वात शेवटी वरची रेघ. बाबूंनी तो फॉर्म बाजूला सारून मला कोरा दिला.

३० नोव्हेंबर

१९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा वाचला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते. अर्ज करायचा आईवडिलांनी, नातलगांनी किंवा नोंदणीकृत संस्थेनं. पालक छळू लागला, तर त्याला हटवायचा अर्जही याच मंडळींनी करायचा. ज्याचं आयुष्य, त्याला मुभाच नाही! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातला मर्यादित पालक त्यापेक्षा बरा: ठरावीक निर्णयापुरता, ठरावीक मुदतीपुरता, त्या माणसाच्या इच्छेनुसार.

३ डिसेंबर

गॅसकांडाची बरसी. जागतिक अपंग दिनही आजच.

असला पालक भोपाळनं पाहिलेला आहे. १९८५ च्या कायद्यानं गॅसपीडितांच्या वतीनं दावा लढवायचा हक्क एकट्या केंद्र सरकारकडे गेला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, पीडितांना न विचारता. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा वैध ठरवला; कारण काय, तर सरकार प्रजेचं मायबाप. धडधाकट, कर्त्यासवरत्या माणसांची ही गत, तिथं माझ्या भावाला कोण विचारतो?

५ डिसेंबर

मावशीचा फोन. "अगं, कागद करून टाक. तुझ्यामागे त्याचं कोण?" ही भीती खोटी नाही, कितीतरी आईबाप तिच्यापायीच अर्ज करतात. मीही करणार आहे, पेन्शनशिवाय घर चालायचं नाही. धाकट्याला विचारलं, पैशाचं ताई बघेल, चालेल? म्हणाला, "पैशाचं बघ. कपडे मी घेणार."

अर्जात तेवढंच लिहिलं: पेन्शन आणि बँक. पालक हवा का आणि कशापुरता, हे समितीनं तपासायचंच असतं. अर्ज करणाऱ्या ताई-दादांनो, तिथं 'सर्व बाबींसाठी' असं लिहून मोकळे होऊ नका. आधी त्याला विचारा.