टाकळीच्या गोगलगायी



सृष्टीला सहा हजार वर्षं झाली असं बायबलच्या कोणत्या अध्यायात लिहिलं आहे? धर्मशिक्षण वर्गात आम्ही हे विचारतो तेव्हा सगळे उत्पत्तीची पानं चाळू लागतात. हा आकडा तिथे नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली वंशावळ्यांवरून हिशेब करून इ.स.पूर्व ४००४ हे वर्ष काढलं. पुढे ते इंग्रजी बायबलच्या समासात छापलं गेलं आणि हळूहळू लोकांना वचनासारखंच वाटू लागलं.

हे सांगायची वेळ आमच्या युवकांच्या सहलीमुळे आली. मंडल्याच्या पुढे, डिंडोरी जिल्ह्यात घुघुव्याचं जीवाश्म उद्यान आहे. ताडाची खोडं दिसतात, हात लावावा तर दगड! वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. परतताना एक काका म्हणाले, "हे सगळं नोहाच्या जलप्रलयात गाडलं गेलं." बी.एस्सी.ला असलेल्या एका मुलाने विचारलं, "मग परीक्षेत काय लिहू?" काका म्हणाले, "आधी ठरव, पवित्र शास्त्र मानतोस की नाही." मुलगा गप्प झाला. पुढचे दोन रविवार तो आलाच नाही.

आम्ही त्याच्या घरी गेलो आणि त्याला स्टीफन हिस्लॉप यांच्याबद्दल सांगितलं. हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे आपल्या कॅथलिक मंडळीतले नव्हेत. १८४५ साली ते सुवार्ता सांगायला नागपुरात आले. त्यांनी शाळा चालवली, गोंडांच्या कथा लिहून घेतल्या आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर नागपूरजवळच्या टाकळीला जीवाश्म शोधले. लाव्हाच्या दोन थरांमध्ये त्यांना तळ्याचा गाळ सापडला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, फळं, बिया. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. शेवटपर्यंत ते मिशनरीच होते.

घुघुव्याची झाडंही अशाच लाव्हाथरांमधली. लाव्हा आला, थंड झाला, त्यावर तळं साचलं, त्यात गोगलगायींच्या पिढ्या जगल्या, मग पुन्हा लाव्हा. एका वर्षाच्या प्रलयात हे कसं बसवायचं?

मुलाचे मित्र मात्र त्याला सांगतात, जीवाश्म सापडले म्हणजे देव नाही. हेही आम्हाला पटत नाही. शंखावरून ती गोगलगाय केव्हा जगली ते कळेल, पण मुळात काहीतरी आहेच का, हे शंखाला कसं विचारणार?

"मग आदाम?" त्याने विचारलं. पोप पायस बारावे यांनी १९५० साली मानवी शरीराच्या उगमाबाबत संशोधनाला वाट मोकळी ठेवली, आत्मा मात्र थेट देवाकडून असतो असं सांगितलं. पोप जॉन पॉल दुसरे १९९६ साली म्हणाले की उत्क्रांती आता नुसती अटकळ राहिलेली नाही.

काकांना अजून पटलेलं नाही. मिस्सा संपली की ते आणि तो मुलगा आवारात वाद घालत उभे राहतात. लाव्हा थंड व्हायला किती दिवस लागतात, हा काकांचा ताजा प्रश्न आहे. मुलगा पुस्तकात बघून सांगणार आहे.